डावीकडून उजवीकडे

२००४ सालच्या सप्टेंबरमध्ये मी मास्टर्स करायला हॅलिफॅक्सला आलो. येऊन जेमतेम आठवडा झाला असेल. रस्ता ओलांडताना शाळेत शिकवल्याप्रमाणे आधी उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, पाऊल पुढे टाकलं आणि तेवढ्यात पाठीवरची सॅक कुणीतरी घट्ट धरून मागे ओढली. डावीकडून आलेली गाडी हॉर्न वाजवत अगदी नाकासमोरून गेली. सॅक धरणारे सत्तरीचे एक गोरे आजोबा होते. मी थँक्यू, सॉरी, जे सुचेल ते म्हणालो. ते हसून म्हणाले, "इंडियातून आलास का? मग ठीक आहे. आमच्या गावालाही हे नव्याने शिकावं लागलं होतं. माझे वडील सांगायचे."

मला वाटलं, आजोबा माझी समजूत घालताहेत. पण नंतर लायब्ररीत शोधलं तर गोष्ट शंभर टक्के खरी निघाली.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण कॅनडाच्या काही भागांत एके काळी गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालत. ओंटारिओ आणि क्यूबेक आधीपासून उजवीकडचे. ब्रिटिश कोलंबिया आणि अटलांटिक किनाऱ्यावरचे प्रांत मात्र इंग्रजी पद्धतीचे, म्हणजे डावीकडचे. शेजारी अमेरिका उजवीकडून चालते, मोटारी वाढू लागल्या, तेव्हा एकेका प्रांताने बाजू बदलली. व्हँकुव्हरने १ जानेवारी १९२२ रोजी, न्यू ब्रन्सविकने त्याच वर्षी १ डिसेंबरला, नोव्हा स्कोशियाने १५ एप्रिल १९२३ रोजी, तर प्रिन्स एडवर्ड आयलंडने १ मे १९२४ रोजी. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतं; त्याने २ जानेवारी १९४७ रोजी बाजू बदलली आणि दोन वर्षांनी ते कॅनडात सामील झालं.

कागदावर हा बदल एका रात्रीचा, पण व्यवहारात फार खटाटोपाचा. ट्रामचे दरवाजे डाव्या अंगाला होते. बाजू बदलल्यावर प्रवासी उतरणार ते थेट रस्त्याच्या मधोमध! त्यामुळे दरवाजे हलवा, नाहीतर नव्या ट्राम आणा. पाट्या बदलल्या, ट्राम बदलल्या, माणसंही हळूहळू बदलली.

बदलले नाहीत ते बैल.

हॅलिफॅक्सच्या नैऋत्येला किनाऱ्याकडेने गेलं की लुनेनबर्ग काउंटी लागते. तिथे शेतीची आणि जंगलातून लाकूड ओढण्याची कामं बैलांवर चालत. हे बैल रस्त्याच्या डाव्या कडेने चालायला शिकलेले. त्यांना उजवीकडून चालायला शिकवणं काही जमेना. शेवटी शेतकऱ्यांनी इतके बैल खाटकाला विकले की मांसाचा भाव कोसळला. त्या भागात १९२३ हे साल अजून 'फुकट बीफचं वर्ष' म्हणून सांगितलं जातं.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या आजोळचा बैल आठवला. बाजाराहून येताना गाडीवानाचा डोळा लागला तरी गाडी बरोबर घराच्या दारात येऊन उभी राहायची, असं आजोबा कौतुकाने सांगत. लुनेनबर्गच्या बैलांचा गुण हाच होता. रस्ता तोच होता तोवर त्या गुणाला किंमत होती. रस्ता फिरला आणि तोच गुण त्यांच्या जिवावर उठला.

माणूस बैलापेक्षा शहाणा, हे खरं. पण किती दिवस? स्वीडनचा अनुभव पाहा. त्या देशाने ३ सप्टेंबर १९६७ रोजी डावी बाजू सोडून उजवी धरली. अपघात वाढतील अशी सगळ्यांना भीती होती. झालं उलटंच, अपघात कमी झाले! कारण प्रत्येक जण गाडी चालवताना खरोखर रस्त्याकडे बघत होता. मग नवी बाजू अंगवळणी पडली आणि १९६९ पर्यंत अपघातांचं प्रमाण पुन्हा पूर्वीइतकं झालं. बघण्याची जागा पुन्हा सवयीने घेतली होती.

रस्त्याची बाजू निदान डोळ्यांना दिसते. मोजमापाची सवय त्याहून चिवट असते, कारण ती डोक्यात बसलेली असते. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. सोळा आण्यांचा, म्हणजे चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होते, पण एका आण्याचे सव्वासहा! माझी आजी त्यानंतर अनेक वर्षं भाजीवाल्याशी आण्यांतच हुज्जत घालायची, आणि आपण आजही 'सोळा आणे खरं' म्हणतो.

कॅनडाने मेट्रिक पद्धतीकडे जायचं ठरवलं ते १९७० मध्ये. १ एप्रिल १९७५ पासून हवामानाचा अंदाज सेल्सियसमध्ये सांगू लागले, १९७७ मध्ये रस्त्यांवर किलोमीटरच्या पाट्या लागल्या. तरीही इथला माणूस आपली उंची फुटांत आणि वजन पौंडांतच सांगतो. एरवी यात बिघडत काही नाही. पण एकदा बिघडलं, आणि ते एक्केचाळीस हजार फुटांवर.

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं फ्लाइट १४३ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमान कोरं बोईंग ७६७, कंपनीच्या ताफ्यातलं किलोग्रॅममध्ये हिशेब करणारं पहिलं. इंधन दाखवणारं यंत्र बंद होतं, म्हणून टाकीतलं इंधन जुन्या पद्धतीने पट्टीने मोजलं आणि बाकीचा हिशेब कागदावर केला. हवं होतं २२,३०० किलो. टाकीत होतं ७,६८२ लिटर. लिटरचं वजन काढायला गुणायचं कशाने? वर्षानुवर्षं वापरात असलेला आकडा होता १.७७. पण तो एका लिटरचे पौंड सांगणारा आकडा! किलोंसाठी हवा होता ०.८. त्या चुकीच्या गुणाकाराने विमानात भरलं ४,९१७ लिटर. भरायला हवं होतं वीस हजारांच्या वर. विमान निघालं ते लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी घेऊन.

माझ्यासारख्या आयटीवाल्याला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. कुणी हलगर्जीपणे 'चलता है' म्हणालं नव्हतं. ओटावाला इंधन पुन्हा मोजलं, हिशेब पुन्हा केला, आणि तो पुन्हा बरोबर आला! कारण दुसऱ्या वेळीही गुणलं त्याच १.७७ ने. आमच्याकडेही असंच होतं. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्यानेच तपासला, तर चूक सापडत नाही. बोटं त्याच वाटेने जातात आणि मन निर्धास्त होतं.

ओंटारिओतल्या रेड लेकच्या आसपास दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल पूर्वी हवाईदलात असताना मॅनिटोबातल्या गिमली तळावर होते. तो तळ बंद होऊन त्या धावपट्टीवर आता मोटारींच्या शर्यती होत. नेमक्या त्या दिवशीही होत्या. आवाज न करता आकाशातून उतरणारं ते प्रचंड विमान पाहून लोक बाजूला पळाले. विमानातले ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी, सगळे वाचले.

इतिहास इथे संपवता आला असता. पण ही गोष्ट मी पार्ट्यांमध्ये अनेकदा रंगवून सांगितली, आणि माझ्या स्वतःच्या घरात काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

दर शनिवारी रात्री साडेनऊला मी साताऱ्याला आईला फोन करतो. तिकडे रविवारची सकाळ असते. वीस वर्षांचा नेम. प्रश्न ठरलेले. कशी आहेस, चहा झाला का, गोळ्या घेतल्यास का, पेपर वाचलास का? उत्तरंही ठरलेली. "बरी आहे. झाला. घेतल्या. पेपर आला की." मी एका कानाने ऐकत लॅपटॉपवर ऑफिसच्या मेल्स बघत असायचो.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात घरी गेलो. कोपऱ्यात पेपरांची ही मोठी चळत, आणि एकाही पेपरची घडी मोडलेली नव्हती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. आठ-दहा महिने तिला अक्षर लागत नव्हतं. रक्तदाबाच्या गोळ्या ती पाकिटाच्या रंगावरून ओळखायची. एकदा दुकानातून वेगळ्या रंगाचं पाकीट आलं, तिचा गोंधळ झाला आणि तीच गोळी दोनदा घेतली गेली. चक्कर येऊन ती स्वयंपाकघरात पडली. शेजारच्या काकूंनी डॉक्टरकडे नेलं. "तुला तिकडे उगाच काळजी" म्हणून मला कळवलं नाही.

नंतर तारखा जुळवल्या. त्याच रविवारी मी विचारलं होतं, "गोळ्या घेतल्यास का?" आणि ती म्हणाली होती, "घेतल्या." खरंच सांगितलं होतं तिने. पेपरबद्दलही ती "वाचला" असं एकदाही म्हणाली नव्हती, "आला की" म्हणाली होती. मी दर आठवड्याला माझ्या जुन्याच आकड्याने गुणत होतो, आणि हिशेब दर वेळी बरोबर येत होता.

आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशन्स नीट झाली. शनिवार साडेनऊचा नेम मी मोडला नाही. तो नसता तर धावपळीत फोनच राहून गेला असता. सवयीचे उपकार विसरू नयेत. फक्त लॅपटॉप आता दुसऱ्या खोलीत असतो, आणि प्रश्न दर वेळी नवा शोधावा लागतो. हे वाटतं तितकं सोपं नाही.

मध्यंतरी विचारलं, "आज पहिल्या पानावर काय आहे गं?" आईने चष्मा लावला, पेपर उलगडल्याची फडफड ऐकू आली, आणि तिने कोयना धरणाच्या पाणीसाठ्याची बातमी वाचायला घेतली. मधेच थांबून म्हणाली, "इतकं टीएमसी, तितकं टीएमसी लिहितात. टीएमसी म्हणजे किती रे?"

जन्मभर ऐकलेला शब्द, पण मला चटकन सांगता येईना. मग आम्ही दोघांनी फोनवरच हिशेब मांडला. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. घनफुटाचे लिटर करताना मी दोनदा तपासलं. दुसऱ्या वेळी आईला करायला लावलं.