बेरीज पोचते का? लीलावतीच्या एका टीकेतली अनंत श्रेढी

व्याख्यान राजारामपुरीत आणि विषय अनंत श्रेढींचा, म्हणजे उदाहरण शोधायला लांब जायला नको. इथल्या गल्ल्यांना क्रमांकच आहेत: पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. गणपती जवळ आले की वर्गणीची पावती पुस्तकं बाहेर पडतात. समजा, पहिल्या गल्लीनं एक रुपया दिला, दुसरीनं अर्धा, तिसरीनं एक तृतीयांश, चौथीनं पाव. असं करत चौदाव्या गल्लीपर्यंत फिरलो तर हातात किती? जेमतेम सव्वातीन रुपये. आता गल्ल्या कधी संपतच नाहीत असं धरू. एकूण किती जमेल?

दहा रुपये व्हायला १२,३६७ गल्ल्या फिराव्या लागतात. त्यामुळे वाटतं, ही वर्गणी कुठंतरी अडणार. पण ती अडत नाही. तिसरी आणि चौथी गल्ली मिळून अर्ध्या रुपयापेक्षा जास्त देतात. पाचवी ते आठवी मिळूनही अर्ध्याहून जास्त, नववी ते सोळावी मिळूनही तेच. प्रत्येक गटाचा अर्धा रुपया ठरलेला, आणि गट संपत नाहीत. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम यानं हाच युक्तिवाद केला होता.

आता दुसरा हिशोब. प्रत्येक गल्ली आधीच्या गल्लीच्या निम्मं देते: एक, अर्धा, पाव, अर्धपाव. इथं कितीही फिरा, दोन रुपये ओलांडत नाहीत. दोन्हीकडे पदं लहान होत जातात, पण एक बेरीज पोचते आणि दुसरी पोचत नाही. पहिलीला आपण अपसारी म्हणतो, दुसरीला अभिसारी. नुसतं ‘पदं बारीक होतात’ एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून कसोट्या लागतात.

या कसोट्यांचा इतिहास आपण साधारण असा शिकतो. १७०३ मध्ये इटलीच्या ग्रांदीनं १ − १ + १ − १ अशा बेरजेचं उत्तर अर्धा दिलं, आणि लायब्निट्झसारख्यालाही ते पटलं. १७६८ मध्ये दालांबेरनं लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर तपासलं. १८२१ मध्ये कोशीनं आपल्या पाठ्यपुस्तकात शिस्त घालून दिली: बेरीज पोचते हे दाखवल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही. पण त्याच पुस्तकातलं एक विधान चुकीचं असल्याचं १८२६ मध्ये आबेलनं दाखवलं. मोठमोठी माणसं चुकली म्हणून कसोट्या आल्या, हे खरंच आहे. पण या गोष्टीतलं एक पान आपल्याकडचं आहे आणि ते सहसा कुणी उघडत नाही. आज ते उघडू.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. त्यात वर्तुळाच्या परिघासाठी दोन माप दिली आहेत: ढोबळ २२/७ आणि सूक्ष्म ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६. पुढं १२०७ मध्ये त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तसा शिलालेख तिथं आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. खानदेशात शिकवला जाणारा हा ग्रंथ देशभर गेला. सोळाव्या शतकात केरळमध्ये शंकर वारियर यांनी त्यावर ‘क्रियाक्रमकरी’ नावाची टीका लिहायला घेतली. त्यांच्याकडून ती पुरी झाली नाही, नंतर महिषमंगलम नारायण यांनी ती पूर्ण केली.

परिघाच्या श्लोकापाशी आल्यावर टीकाकार भास्कराचार्यांचं माप समजावून गप्प बसत नाहीत. ते चौदाव्या शतकातल्या संगमग्रामच्या माधवाची रीत मांडतात: व्यासाच्या चौपटीतून तिचा तिसरा भाग वजा करा, पाचवा मिळवा, सातवा वजा करा. आजच्या भाषेत, पाय म्हणजे ४ गुणिले (१ − १/३ + १/५ − १/७ ...). युरोपात हीच श्रेढी लायब्निट्झच्या नावानं ओळखली जाते.

त्याआधीची व्यापक रीत कोनाची आहे. भुज भागिले कोटी या गुणोत्तराला ‘त’ म्हणू. मग कोनाचं चाप मिळतं: त वजा ‘त’च्या घनाचा तिसरा भाग, अधिक ‘त’च्या पंचघाताचा पाचवा भाग, असं पुढं. ही झाली घातश्रेढी. आणि इथं टीकाकार एक अट घालतात. अर्थ असा: भुज आणि कोटी यांत जो लहान असेल तोच वर घ्यावा, नाहीतर कितीही वेळा क्रिया केली तरी येणाऱ्या फळांना शेवट यायचा नाही.

करून बघा. त = २ घेतलं तर पदं येतात २, मग ८/३, मग ३२/५, मग १२८/७. फुगतच जातात. त एकाहून लहान असेल तर आटतात. आज आपण गुणोत्तर कसोटी लावून ‘त’चा वर्ग एकाहून लहान हवा म्हणतो, तीच ही मर्यादा.

आता खरी गंमत. त बरोबर एक असेल तेव्हा गुणोत्तर कसोटी गप्प बसते, हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. माधवाची पायची श्रेढी नेमकी त्याच उंबऱ्यावर उभी आहे. ती पोचते, पण रडतखडत. दहा पदं घेतली की येतं ३.०४१८. पहिल्या दशांशालाच चूक! मग काय करायचं? त्यांनी विचारलं, इथं थांबलो तर राहिलं किती? त्यासाठी त्यांनी शेवटी जोडायचे संस्कार दिले. दहा पदांनंतर त्यातला एक संस्कार म्हणजे ४०/४०१ मिळवला की ३.१४१५९०२ येतं. नुसती पदं वाढवून इतकं जवळ यायला चार लाखांच्या आसपास पदं लागतील. आणखी बारीक संस्कार आहे, ४०४/४०५०. तो लावला की त्याच दहा पदांतून ३.१४१५९२७ मिळतं.

दुसरी वाट उंबऱ्यापासून आत सरकायची. तीस अंशांचा कोन घ्या, त होतं १/√३, आणि पाचच पदांत ३.१४२६ पर्यंत येतो.

१८३४ मध्ये चार्ल्स व्हिश या कंपनीच्या अधिकाऱ्याचा या केरळी ग्रंथांवरचा लेख छापून आला, पण शंभरेक वर्षं त्याकडं फारसं कुणी पाहिलं नाही. आज उलट टोक दिसतं: ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं.’ तसंही म्हणू नये. कोणत्याही श्रेढीला लावता येईल अशी कसोटी, सीमेची नेमकी व्याख्या हे काम कोशी-आबेल यांच्या काळातलंच. पण ‘पूर्वेला नुसती आकडेमोड, विचार पश्चिमेचा’ हेही खोटं आहे. ‘नाहीतर शेवट यायचा नाही’ असं लिहिणारा माणूस विचार करूनच लिहीत होता.

कॉलेजात आपण एकच प्रश्न विचारायला शिकतो: बेरीज पोचते का? परीक्षेत त्यालाच गुण असतात. लीलावतीचा टीकाकार त्याला दुसरा जोडतो: मध्येच थांबलो तर राहिलं किती? गणकयंत्र आपल्याला पाय देतं तेव्हा तेही कुठंतरी थांबलेलंच असतं, आणि त्याच्यावरचा आपला विश्वास या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर टिकून असतो. पुढच्या वेळी कसोटी लावाल तेव्हा ‘अभिसारी’ लिहून पेन खाली ठेवू नका. दहाव्या गल्लीत उभं राहून पुढं किती बाकी आहे, तेही मोजून बघा.