दुधाचा चहा, पांढरी साखर आणि ‘परंपरा’: एका रोजच्या सवयीचा इतिहास

१/ दूध आणि पांढरी साखर रोजच्या आहारातून वजा करणाऱ्याला आज दोन प्रतिक्रिया हमखास ऐकाव्या लागतात. पहिली: ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ; आपली परंपरा दुधातुपाची.’ दुसरी, कौतुकाची: ‘शाबास, आपले पूर्वज असेच तर जगत होते.’ इतिहासाच्या कसोटीवर या दोन्ही टिकत नाहीत. का टिकत नाहीत, याचा हा दीर्घ धागा.

२/ आरंभ भाषेपासून करू. विवाह ठरला की ‘साखरपुडा’ होतो, म्हणजे साखरेची पुडी देण्याघेण्याचा विधी. अत्यानंदाची परिसीमा सांगताना आपण ‘हत्तीवरून साखर वाटली’ असे म्हणतो. जी वस्तू स्वयंपाकघरात रोज डब्याने लागते, ती कोणी हत्तीवरून वाटत नाही. हे शब्दप्रयोग घडले तेव्हा साखर हे अन्न नव्हते. तो प्रसंग होता, मान होता.

३/ रोजची गोडी गुळाची होती, आणि तीही बेताची. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवायचे, सणाला पुरणपोळी करायची, संक्रांतीला तिळगूळ वाटायचा. गुऱ्हाळावर बैलांच्या चरकातून निघालेला रस काहिलीत आटायचा. पाक नेमका केव्हा उतरवायचा, हे गुळव्याच्या नजरेवर ठरे. या धंद्याचे मोल ओळखूनच शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची बाजारपेठ वसवली. कोल्हापुरी गुळाच्या लौकिकामागे ती पेठ उभी आहे.

४/ दुधाची कथा वेगळी. देशावरचे खिलार आणि मावळ-नाशिककडचे डांगी हे मुख्यतः कष्टाचे पशू. त्यांची ख्याती ओढण्यासाठी आणि नांगरटीसाठी, दुधासाठी नव्हे. शिवाय उष्ण हवेत दूध टिकत नाही. म्हणून त्याचे दही लागे, लोणी निघे, तूप कढे. तूप टिकाऊ आणि महाग, त्यामुळे ते बाजाराला जाई. घरी उरे ताक. सामान्य कुणब्याच्या भाकरीसोबत ताक असणे शक्य होते. पेलाभर दूध मात्र बाळाला, बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला.

५/ कोकणपट्टीत तर गोड पदार्थांची एक संपूर्ण परंपरा दुधासाखरेवाचून उभी आहे. उकडीचे मोदक, पातोळ्या, नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या, गुळाच्या रसासोबत घावन: तांदूळ, नारळ आणि गूळ एवढेच त्रिकूट. ज्या जमिनीवर आज नवी मुंबई उभी आहे, तिथल्या आगरी-कोळी गावांचे जेवण खारजमिनीतला भात, तांदळाची भाकरी, खाडीची मासळी आणि नारळ यांवर चाले. घणसोली, कोपरखैरणे, बेलापूर ही नावे आपण आता स्थानकांची म्हणून ओळखतो. सिडकोच्या (स्थापना १९७०) आधी ती भातशेतीची आणि मिठागरांची गावे होती.

६/ इथवर वाचून ‘पाहा, पूर्वज किती शहाणे!’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. दूध आणि साखर नसणे ही बहुतेकांची निवड नव्हती, ती त्यांची परिस्थिती होती. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि किरकोळ पैसे या मापावर आणली. दख्खनमधील मजुरांनी त्याविरुद्ध काम थांबवले आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्या मजुराच्या ताटात दूध नव्हते, साखरही नव्हती. म्हणून त्याला कोणी पथ्य म्हणणार नाही. पंगतीत तूप कोणाच्या भातावर पडे आणि कोणाच्या नाही, हेही जातीने आणि जमिनीने ठरे.

७/ मग पांढरी साखर घरोघरी शिरली कशी? प्रथम जहाजांतून. मॉरिशसहून येणारी साखर एवढी रुळली, की गुजरातीत साखरेला आजही ‘मोरस’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी आणि ऑस्ट्रियाची बीटसाखर, सरकारी अनुदानाच्या बळावर, पाण्याच्या भावाने येऊ लागली. तिला आवर घालण्यासाठी १८९९ मध्ये हिंदुस्थान सरकारला खास जकात बसवावी लागली. पुढे जावाच्या साखरेने बाजार व्यापला.

८/ साखर सोडण्याची सार्वजनिक चळवळ याच टप्प्यावर उभी राहिली आणि तिचा आरोग्याशी फारसा संबंध नव्हता. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरही बहिष्कृत ठरली. ती हाडांनी आणि रक्ताने शुद्ध केलेली असते, हा प्रचार जोरात झाला. प्रत्येक पोत्याबद्दल ते खरे नसले, तरी ते निव्वळ कुभांडही नव्हते: युरोपातील शुद्धीकरणात हाडांचा कोळसा प्रत्यक्ष वापरला जाई. अर्थकारण आणि शुचिता यांची येथे गाठ पडली. लोकांनी गोडी सोडली नाही. त्यांनी पांढरी परदेशी साखर नाकारून गूळ आणि देशी साखर जवळ केली.

९/ साखरेचे आणि दुधाचे सख्य जमवले चहाने. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसारख्या मंडळींवर ग्रामण्य आले, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. तेव्हा वाद पेयाचा नव्हता, ते कोणाच्या हातचे याचा होता. १९०३ मध्ये चहावर उपकर लागला आणि त्यातून जाहिरातीसाठी निधी उभा राहिला. जगभर मंदी पसरल्यावर, १९३० च्या दशकात, चहामळेवाल्यांनी देशी ग्राहकाकडे मोर्चा वळवला: प्रात्यक्षिके, फलक, फुकट पेले. कडू चहा हिंदुस्थानी जिभेला रुचला तो दूध-साखरेसह. जे मिश्रण आज आपल्याला अनादि वाटते, त्यामागे अशी सुनियोजित विक्रीमोहीम आहे.

१०/ याच काळात दूध सोडण्याचा एक गाजलेला प्रयोग चालू होता. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दुधाचा त्याग केला. ब्रह्मचर्याचा विचार त्यामागे होताच. शिवाय कलकत्त्याकडे गाई-म्हशींचे दूध अधिक निघावे म्हणून होणाऱ्या ‘फूका’ या क्रूर प्रकाराची माहिती त्यांनी वाचली होती. पुढे दीर्घ आजारानंतर १९१९ च्या सुमारास मुंबईत डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, मग शेळीचे दूध का चालू नये, असे कस्तुरबांनी सुचवले. गांधीजींनी ते घेतले. मात्र शब्द पाळला, पण व्रताचा आत्मा मोडला, ही सल त्यांनी आत्मकथेत लपवली नाही.

११/ साखरेबाबतचा प्रयोग आपल्या वर्ध्याचा. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे मुख्य ठाणे पडले. सूत्रधार होते अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, जात्यावरचे पीठ आणि गिरणीच्या साखरेऐवजी गूळ हा तिथला आग्रह. मुद्दा पोषणाचा होता, पण त्याहून मोठा मुद्दा मालकीचा होता: गूळ खेड्यात बनतो आणि त्याचा पैसा खेड्यात राहतो, साखर कारखान्यात बनते आणि तिचा नफा भांडवलाकडे जातो. कुमारप्पा त्याही पुढे गेले. पडीक जमिनीवरच्या ताड-शिंदीच्या नीरेपासून गूळ करा, म्हणजे उसाखालची चांगली जमीन धान्याला मोकळी होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

१२/ काळाची गंमत पाहा. मगनवाडीत गुळाचा प्रचार सुरू होत असतानाच देशात साखरेचा पूर आला. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले. त्यापूर्वी देशात आधुनिक साखर कारखाने तीसच्या आसपास होते. दशकाच्या मध्यापर्यंत ते सव्वाशेच्या पुढे गेले. नीरा आणि प्रवरेच्या कालव्यांनी पाणी आणून ठेवलेच होते. हरेगावला बेलापूर कंपनी आधीच उभी होती. आता वालचंदनगर आले, सासवडच्या माळी बागायतदारांचे माळीनगर आले. स्वदेशीच्या काळात ‘परकी’ म्हणून नाकारलेली पांढरी साखर आता स्वदेशी झाली. बहिष्काराचे मुख्य कारणच संपले.

१३/ १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ लिहिली. दुधाला वनस्पतिजन्य पर्याय सापडावा, ही त्यांची इच्छा शेवटपर्यंत कायम होती. तरीही बैठे काम करणाऱ्याच्या रोजच्या आहारात त्यांनी सुमारे दोन पौंड गाईचे दूध सुचवले, आणि गूळ किंवा साखर दीड औंस. आयुष्यभर स्वतःवर प्रयोग करणाऱ्या माणसाने अनुभवापुढे सिद्धान्त नमवला. दूध सोडण्याच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोघेही आज त्यांची साक्ष काढतात. दोघेही त्यांचा अर्धाच भाग वाचतात.

१४/ स्वातंत्र्यानंतर साखर ही सहकाराची कहाणी झाली. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. १९५० च्या अखेरीस तिथे गळीत सुरू झाले. कुमारप्पांचा आक्षेप मालकीवर होता; प्रवरेने त्याला एक वेगळे उत्तर दिले: कारखानाच शेतकऱ्याच्या मालकीचा करा. त्या उत्तरातून शाळा, रुग्णालये, महाविद्यालये आणि राज्याचे नेतृत्व घडले. शिधापत्रिकेवर साखर मिळू लागली आणि ती चैनीची वस्तू न राहता हक्काची झाली.

१५/ दुधाच्या कहाणीची सूत्रे मुंबईत हलली. शहरभर विखुरलेले तबेले, भेसळ आणि अस्वच्छता यांवर तोडगा म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सरकारी दूधयोजना आली. दारा खुरोडी यांनी म्हशीच्या स्निग्ध दुधात भुकटीचे दूध मिसळून स्वस्त ‘टोन्ड’ दूध पुरवले आणि १९४९ मध्ये आरे वसाहत स्थापन झाली. मुंबईला दूध पुरवण्याच्या व्यवहारात पिळल्या जाणाऱ्या खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये आपला संघ काढला. त्यातून ‘अमूल’ जन्मले. १९६३ मध्ये कोल्हापूरचा ‘गोकुळ’ संघ निघाला, १९७० मध्ये दूधमहापूर योजना सुरू झाली. पहाटेची पिशवी ही आपल्या आजोबांच्या पिढीची घटना आहे, वेदकाळाची नव्हे.

१६/ या समृद्धीची किंमत कोणी मोजली? कोयता घेऊन बीडहून दरवर्षी निघणारी ऊसतोड जोडपी, पाचटाच्या खोपीतले त्यांचे संसार, बुडणाऱ्या मुलांच्या शाळा. खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशय काढून घेतलेल्या स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. ताळेबंदाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: कोरडवाहू गावात एका म्हशीच्या दुधावर घर चालवणारी बाई त्याच शतकाने घडवली. साखर वा दूध सोडण्याचा विचार करताना हे दोन्ही चेहरे समोर असावेत.

१७/ एक सावधगिरी गुळाबद्दल. मसाला बाजाराबरोबर साखर-गुळाचा घाऊक व्यापारही मशीद बंदर भागातून आपल्या तुर्भ्याला आला. तिथली ढेप आता ‘आरोग्यदायी’ अशी चिठ्ठी लावून चौपट भावाच्या डब्यांत विकली जाते. गुळात थोडी खनिजे अधिक असतात हे खरे. पण तोही मुख्यतः साखरच. मगनवाडीने गूळ सुचवला तो थोडा खाण्यासाठी. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण गुळालाही लागू आहे.

१८/ मग परंपरेचे काय? रोज दोन वेळा दूध-साखरेचा चहा ही जुनी परंपरा नाही. ती जकात, कालवे, जाहिरात आणि सहकार यांची शंभरएक वर्षांची निर्मिती आहे. म्हणून ती सोडणारा धर्म बुडवत नाही. पण तो ‘पूर्वजांच्या आहाराकडे’ही परतत नाही, कारण पूर्वजांना मिळत नव्हते आणि त्याला मिळते आहे. मिळत असताना नाकारण्याचे स्वातंत्र्य ही नवीच गोष्ट आहे. ते स्वातंत्र्य ज्यांच्या श्रमातून आले, त्यांच्यातल्या अनेकांना ते अजून लाभलेले नाही.

१९/ शेवटी एक विनंती. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा: आपल्या घरी रोजचा चहा कधी सुरू झाला, त्यात गूळ पडे की साखर, आणि दूध कोणाच्या वाट्याला येई? गावाचे आणि तालुक्याचे नाव घालून उत्तर खाली लिहा. स्वयंपाकघराचा इतिहास दप्तरखान्यात फार थोडा सापडतो. तो अशा आठवणींतच आहे आणि त्या आठवणी दरवर्षी कमी होत आहेत.