दिल्लीच्या थंडीतला विस्तव

उघड्यावर, आकाशाखाली बसलेल्या माणसांना ऊब देण्यासाठी वीज खर्च करणे हा दक्षिणेतल्या माणसाला निव्वळ उधळेपणा वाटेल. परंतु ज्याने यमुनाकाठचा पौष अनुभवला आहे, तो इतक्या उतावीळपणे निकाल देणार नाही. दिल्लीची जुनी घरे बांधली गेली ती उन्हाळ्याच्या भयाने. उंच छते, जाड भिंती, दगडी फरशा आणि हवेशीर दालाने ही ज्येष्ठातली सोय हिवाळ्यात उलटते, आणि घरापेक्षा गच्चीच बरी असे म्हणण्याची पाळी येते. १६ जानेवारी १९३५ रोजी या शहरात पारा शून्याखाली ०.६ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. अशा मुलखात माणूस ऊब शोधायला घराबाहेर पडतो. उन्हात खाट टाकून भुईमूग सोलत बसतो, आणि ऊन कलले की विस्तवाभोवती जमतो.

बंदिस्त ऊब ही पूर्वी केवळ बादशाही चीज होती. शाहजहानने बांधलेल्या लाल किल्ल्यात दिवाण-इ-खासच्या शेजारी संगमरवरी हमाम आहे. तो तापवण्यास सव्वाशे मण लाकूड लागे असे सांगतात. रयतेच्या आणि फौजेच्या वाट्याला मात्र उघड्यावरचा जाळ. १७६०च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, द्रव्याच्या निकडीपोटी त्याच दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवली, आणि हिवाळ्याच्या तोंडावर फौजेचा तळ पानिपतला पडला. पानिपत आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. अब्दालीने रसद तोडल्यावर छावणीत धान्याची वाण पडली हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण वैरणीइतकीच सरपणाचीही टंचाई होती, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशीपोटी रणात उतरलेली ती फौज दख्खनच्या हवेत वाढलेली होती, या गोष्टीकडे बखरींवर पोसलेल्या आपल्या इतिहासप्रेमाचे लक्ष सहसा जात नाही.

इंग्रजी अमदानीत नव्या दिल्लीच्या बंगल्यांत भिंतीतली फायरप्लेस आली; दाराबाहेरच्या चपराशाजवळ मात्र कोळशाची अंगीठीच राहिली. पुढे निक्रोमच्या तारेने विजेची शेगडी स्वस्त केली. अल्बर्ट मार्शने या मिश्रधातूचे पेटंट १९०६ साली घेतले, आणि पांढऱ्या चिनीमातीच्या थाळीत वेटोळे घातलेली तिची लालबुंद तार कालांतराने दिल्लीच्या भाड्याच्या खोल्यांतून सर्रास दिसू लागली.

उपाहारगृहांच्या गच्च्यांवर आणि अंगणांत आज जे अवरक्त किरणांचे दिवे टांगलेले दिसतात, त्यांचे मूळ याहून जुने आहे. विल्यम हर्षेलने १८०० साली लोलकातून पाडलेल्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवला आणि पारा चढला. हा अदृश्य किरण मधल्या हवेला फारसा न तापवता थेट अंगावर, वस्त्रावर, टेबलावर पडून तेथे उष्णता होतो. उघड्या जागेत तापवलेली हवा वाऱ्यासरशी निघून जाते; किरणाला वारा उडवू शकत नाही. हिवाळ्यातले कोवळे ऊन अंगाला लागते ते याच न्यायाने, म्हणून गच्चीवर ऊन खात बसणाऱ्या दिल्लीकराला हे यंत्र परके वाटण्याचे कारण नाही. दीड-दोन हजार वॉटचा एक दिवा तासाला दीड-दोन युनिटे घेतो, समोरच्या चार खुर्च्या सांभाळतो, आणि पाठमोऱ्या बाजूला पाठ गारच ठेवतो, एवढा त्याचा मगदूर.

यंत्राच्या प्रसाराला निव्वळ चैनीचे निमित्त झाले असे मात्र नाही. सरकारी हुकुमाचाही त्यात हात आहे. धुराने कोंदलेल्या या प्रदेशासाठी जानेवारी २०१७ मध्ये प्रदूषणाच्या पायऱ्यांनुसार निर्बंध लावणारा आराखडा अधिसूचित झाला. त्याच्या अंमलात उपाहारगृहांच्या तंदुरांतले कोळसा-लाकूड बंद होते, आणि उघड्यावर काहीही जाळण्यास मनाई असते. त्याच आराखड्यात आणखी एक कलम आहे, जे गच्चीवर जेवणाऱ्यांच्या गावीही नसते: रहिवासी संघांनी आपल्या पहारेकऱ्यांना, सफाईवाल्यांना, माळ्यांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे ते जाळ पेटवणार नाहीत.

कारण जाळ पेटतोच. तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोके पाडतात, आत वाळका पाला, खोक्यांचे पुठ्ठे, मोडक्या खुर्चीचा पाय, आणि काहीच न मिळाल्यास प्लॅस्टिक. त्या काळ्या धुरात चौकीवरचा माणूस हात शेकत पहाट करतो. कडाका वाढला की तीच सिगडी बंद खोलीत नेली जाते, आणि कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच दगावलेल्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात छापून येतात. जाळावर केवळ मनाई करणारा आणि पर्यायाचा बंदोबस्त न करणारा कायदा अशा माणसाला अन्यायाचाच वाटणार. म्हणून वरील कलम मला त्या साऱ्या आराखड्यात सर्वांत शहाणपणाचे वाटते. ते पाळले जाते की नाही, हे पाहण्यास अंमलदाराची वाट पाहण्याचे कारण नाही. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथल्या सोसायट्यांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या फाटकावरच्या चौकीत विजेचा हीटर आहे का, आणि असल्यास रात्री तो लावू देतात का, एवढे आज संध्याकाळीच विचारावे.