विहिरीची खोली मोजणारा मुलगा

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि आज आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, त्या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र जागा मिळाली. त्या निबंधाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यांचाच १९७१ सालचा निबंध. ती मुले मोठी होऊन काय करतात, याचा शोध कॅनर यांनी त्यात घेतला.

पहिल्या क्रमांकाचा मुलगा मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. १९४२ मध्ये आईवडिलांनी त्याला गावापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी दांपत्याकडे ठेवले. १९४५ साली कॅनर तिथे गेले आणि थक्क झाले. मुलाला मोजमापाचे वेड होते, म्हणून शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावून तिची खोली सांगण्याचे काम दिले. मक्याच्या ओळी तो पुन्हापुन्हा मोजत बसे, तेव्हा त्याच्या हाती नांगर दिला. नांगरता नांगरता मोज म्हणाले. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करी, त्यासाठी शेतात एक दफनभूमीच नेमून दिली. या दांपत्याला मानसशास्त्राचा गंधही नसावा, पण मुलाची सवय मोडण्यापेक्षा ती कामाला जुंपावी, हे त्यांना कळले होते.

डोनाल्ड १९५८ मध्ये पदवीधर झाले आणि गावच्या बँकेत लागले. तिथे त्यांनी सुमारे पासष्ट वर्षे काढली; २०२३ मध्ये ते वारले. ती बँक आईच्या माहेरच्यांची होती, हे सांगितलेच पाहिजे. त्यांच्यासाठी जागा होती, कारण ती राखणारी माणसे होती.

दुसऱ्या क्रमांकाचा फ्रेडरिक एका सरकारी कार्यालयात प्रती काढण्याच्या यंत्रांवर काम करी आणि वरिष्ठ त्याच्यावर खूश होते. ज्यांची रवानगी मोठ्या सरकारी संस्थांमध्ये झाली, त्यांच्याबद्दल कॅनर यांचा निष्कर्ष कठोर आहे: तिथला प्रवेश जन्मठेपेसारखाच ठरला. लहानपणी दिसलेली चमकही तिथे विझली.

पुढे २००४ साली डेन्मार्कमध्ये थोर्किल सोन्ने यांनी ‘स्पेशलिस्टर्न’ ही कंपनी काढली. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचे काम तिथे स्वमग्न माणसांना मिळू लागले. कल्पना उत्तम, पण तिच्या प्रसिद्धीमुळे स्वमग्न म्हणजे संगणकातला, असा नवाच साचा तयार झाला. टेम्पल ग्रँडिन यांनी नाव कमावले ते गुरांच्या वाटा आणि दावणी आखण्यात.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा अनेकांमध्ये मिळून आहे. कोणती पदे कोणत्या दिव्यांगाला जमतील, हे सरकार आधी ठरवते आणि उमेदवार त्या यादीत स्वतःला शोधतो. मिसिसिपीच्या त्या शेतावर क्रम उलटा होता. तिथे आधी मुलगा दिवसभर काय करतो ते पाहिले गेले, विहीर नंतर आली.