सांधे सुजले, दोष पोटाचा? एका जुन्या शंकेचा इतिहास



काही महिन्यांपूर्वी एक ताई दवाखान्यात आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, शाळेत शिक्षिका. पाच वर्षांपासून त्यांना रुमॅटॉइड संधिवात आहे. गोळ्यांवर त्या चांगल्या होत्या, घर आणि शाळा दोन्ही व्यवस्थित चालू होतं. या वेळी मात्र दोन्ही मनगटं सुजलेली होती आणि सकाळी दीड-दोन तास मूठ वळत नव्हती. गोळ्यांचं विचारलं, तर त्यांनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. आतड्यातले 'चांगले जिवाणू' वाढवणारी पावडर होती ती.

"डॉक्टर, आजाराचं मूळ पोटातच आहे म्हणे. मग मेथोट्रेक्सेट कशाला घ्यायची? चार महिने झाले, बंद केली."

मी त्यांना रागावलो नाही. कारण 'मूळ पोटात आहे' ही शंका वेडगळ नाही. ती फार जुनी आहे, आणि मोठमोठ्या डॉक्टरांनाही आली होती. त्या शंकेपायी रुग्णांनी काय काय सोसलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आमवात ते आंबट दूध

आपल्याकडे माधवनिदान या ग्रंथात हजारेक वर्षांपूर्वीच 'आमवात' वर्णिला आहे. अग्नी मंद होतो, अन्न नीट पचत नाही, त्यातून 'आम' तयार होतो आणि तो सांध्यांत जाऊन बसतो, अशी ती मांडणी. आजचा रुमॅटॉइड संधिवात आणि आमवात तंतोतंत एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण पचन आणि सांधे यांची सांगड घालणं आपल्याला नवीन नाही, हे खरं.

युरोपात ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोरात आली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले इल्या मेचनिकॉव्ह म्हणत, की मोठ्या आतड्यातले जिवाणू अन्न सडवतात आणि त्या विषाने माणूस लवकर म्हातारा होतो. उपाय म्हणून ते स्वतः रोज आंबवलेलं दूध पीत. 1908 साली त्यांना नोबेल मिळालं. ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी होतं, पण त्या मोठ्या नावामुळे आंबट दुधालाही वजन आलं. आजच्या प्रोबायोटिकच्या डब्याचे पणजोबा म्हणजे हेच मेचनिकॉव्ह.

आतडं काढलं, दात काढले

दूध पिण्यापर्यंत ठीक होतं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले नामांकित सर्जन सर विल्यम अर्बथनॉट लेन मात्र पुढे गेले. बद्धकोष्ठामुळे शरीरात विष भिनतं आणि संधिवातही त्यातूनच होतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी अनेक रुग्णांचं मोठं आतडंच काढून टाकलं. अँटिबायोटिक्स नसलेला तो काळ. या शस्त्रक्रियांत काही रुग्ण दगावले.

त्याच सुमारास, 1912 मध्ये, शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी मांडलं, की दात, टॉन्सिल अशा ठिकाणी लपलेला जंतुसंसर्ग सांधे बिघडवतो. मग संधिवाताच्या रुग्णांचे दात आणि टॉन्सिल सर्रास काढले जाऊ लागले. कित्येकांचं तोंड बोळकं झालं, सांधे मात्र दुखतच राहिले.

तुम्ही विचाराल, एवढ्या हुशार डॉक्टरांना हे दिसलं कसं नाही? कारण या आजाराला भरती-ओहोटी असते. दुखणं कळसाला पोचलं की रुग्ण डॉक्टरकडे येतो. त्यानंतर काहीही केलं, तरी काही जणांची सूज आपोआप थोडी उतरतेच. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळतं. अमेरिकेतले रसेल सेसिल हेही आधी दात-टॉन्सिलच्या बाजूचे होते. पण 1938 मध्ये त्यांनी 200 रुग्णांचा हिशोब मांडला आणि फायदा जवळजवळ होत नाही, हे जाहीरपणे कबूल केलं. ज्यांच्या नावाचं जाडजूड पुस्तक आम्ही विद्यार्थीदशेत वाचलं, तेच हे सेसिल. आपली चूक अशी छापून सांगायला मोठं मन लागतं.

चुकीच्या तर्कातून सापडलेलं औषध

आता गंमत पाहा. स्वीडनमधल्या डॉक्टर नाना स्वार्त्झ यांनाही वाटत होतं, की हा संधिवात जंतूंमुळे होतो. म्हणून जंतू मारणारं सल्फा आणि सूज कमी करणारं सॅलिसिलेट यांचा जोड असलेलं औषध तयार झालं. ते सल्फासॅलाझिन. 1942 मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. मोठ्या आतड्याला व्रण पडण्याच्या आजारात ते फार उपयोगी ठरलं. संधिवातासाठी मात्र मागे पडलं, आणि 1980 च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी ते पुन्हा पुढे आणलं. आजही आम्ही ते लिहून देतो. आणि या गोळीतला जोड तोडतं कोण? आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणूच!

मग आज काय माहीत आहे?

शंकेत तथ्य आहे. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी, औषध सुरू न झालेल्या 44 नव्या रुग्णांची विष्ठा तपासली. प्रिव्होटेला कोप्राय नावाचा जिवाणू त्यांच्यापैकी पाऊण जणांत सापडला, निरोगी लोकांत मात्र साधारण पाचातल्या एकात. पण हा जिवाणू आजाराचं कारण आहे की आजारासोबत आलेला, हे अशा तपासणीवरून ठरत नाही. आग लागलेल्या घरापाशी बंब दिसतो, म्हणून आग बंबाने लावली असं आपण म्हणत नाही.

प्रोबायोटिकच्या चाचण्याही झाल्या. 2014 मध्ये इराणमध्ये 46 स्त्रियांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूलने सूज काहीशी कमी झाली. पण बायका मोजक्या आणि काळ थोडा. मुख्य म्हणजे त्यांची नेहमीची औषधं चालूच होती. प्रोबायोटिक वरून जोडलं होतं, औषधांच्या जागी दिलं नव्हतं. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या 2022 च्या मार्गदर्शनात भाज्या, फळं, कडधान्यं, मासे असा भूमध्य पद्धतीचा आहार घ्यायला सुचवलं आहे. पूरक पावडरी-कॅप्सूल मात्र संधिवातासाठी सुचवलेल्या नाहीत.

तुमच्यासाठी चार गोष्टी

- मेथोट्रेक्सेट किंवा इतर औषध स्वतःहून बंद करू नका. दुखणं नसलं तरी आतून सांधा झिजत असू शकतो, आणि झिजलेलं हाड भरून येत नाही.
- मेथोट्रेक्सेट आठवड्यातून ठरलेल्या एकाच वारी घ्यायची असते, रोज नाही.
- प्रोबायोटिक घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना दाखवून, औषधांच्या जोडीला घ्या. प्रतिकारशक्ती फार दबलेली असेल तर या जिवाणूंचाही क्वचित संसर्ग होतो. दोन-तीन महिन्यांत फरक नसेल तर पैसे वाचवा.
- घरचं ताक, उसळी, पालेभाज्या खुशाल खा. आतड्यांना ते आवडतं. बिनलेबलच्या पुड्या नकोत; त्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं.

ताईंचं औषध पुन्हा सुरू केलं. अडीच महिन्यांनी मूठ वळू लागली, आता त्या फळ्यावर लिहितात. उजव्या हाताचं एक बोट मात्र वाकडं झालं, ते तसंच राहिलं. ताक त्या रोज पितात आणि मेथोट्रेक्सेट दर रविवारी घेतात. हेच मला तुम्हालाही सांगायचं आहे.