न गाजलेल्यांचे गाणे : डेट्रॉइट ते विगन



मी संगीतज्ञ नव्हे. माझा जन्म गेटसभा आणि वाटाघाटी यांत गेला. शाळा सुटली ती १९८२ च्या गिरणी संपात वडिलांचा पगार थांबला तेव्हा. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तरी जुन्या तबकड्या जमविण्याचा शौक मला चोरबाजाराने लावला. गेल्या खेपेस सभा आटोपल्यावर एका तरुणाने मला गाठले. म्हणाला, "काका, सोल आणि फंक संगीतातली गाजलेली नावे मला पाठ आहेत. न गाजलेली सांगा." दोनचार नावे सांगून त्याला वाटेला लावता आले असते. पण मनात आले, न गाजलेले म्हणजे काय? वाईट म्हणून मागे पडलेले, की कोणी पुढे येऊ न दिलेले? त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आज उभा आहे.

सोल म्हणजे अमेरिकेतील निग्रो म्हणविल्या गेलेल्या समाजाचे, चर्चमधील भजनाच्या आर्ततेतून निघून संसाराच्या सुखदुःखांत उतरलेले गाणे. १९५० नंतरच्या दशकात ते आकाराला आले. फंक त्याच्या मागाहूनचे. जेम्स ब्राऊनने १९६७ साली 'कोल्ड स्वेट' ही तबकडी काढली, तीत चाल मागे सरली आणि सारा भार तालाच्या पहिल्या मात्रेवर आला. आपल्या तबलजींच्या भाषेत सांगायचे तर सगळे वादक समेवर तुटून पडू लागले. इतके समजले म्हणजे पुढचे समजते.

आता डेट्रॉइटला जाऊ. मोटारींचे शहर. तेथे लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात बेरी गॉर्डी नावाचा तरुण काही काळ काम करीत होता. सरकत्या पट्ट्यावरून एका टोकाला सांगाडा शिरतो आणि दुसऱ्या टोकाला झगझगीत मोटार बाहेर पडते, हे त्याने पाहिले. १९५९ साली घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन त्याने तबकड्यांची कंपनी काढली, तीच पुढे मोटाऊन. गीत लिहिणारे निराळे, चाल बांधणारे निराळे, गायकांना उठण्याबसण्याची रीत शिकविणारे निराळे. आणि तयार माल बाजारात पाठवायचा की नाही, हे ठरविण्यासाठी दर आठवड्याला तपासणीची बैठक! कृष्णवर्णीय मालकाने उभारलेला एवढा मोठा उद्योग त्या देशात विरळाच होता, आणि त्याचे श्रेय गॉर्डीला दिलेच पाहिजे. मी युनियनवाला असलो तरी मालकाची बुद्धी नाकारण्याइतका आंधळा नाही.

पण त्या कारखान्यातले कामगार कोण? घराच्या गॅरेजात थाटलेल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दिवसरात्र वाजविणारा एक ताफा होता. ते स्वतःला फंक ब्रदर्स म्हणवीत. बास गिटारवर जेम्स जेमर्सन, ड्रमवर बेनी बेंजामिन, पियानोवर अर्ल व्हॅन डाइक. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स या मंडळींची जी गाणी जगाने डोक्यावर घेतली, त्यांपैकी बहुतेकांमागे हीच बोटे होती. आणि तबकडीवर नाव? नाही. मार्व्हिन गे याच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या संग्रहावर ती प्रथम नीट छापली गेली. तोवर हे सगळे बिननावाचे, हजेरीपटावर नसलेल्या बदली कामगारासारखे. पगार पुरेना म्हणून मालकाची नजर चुकवून ते दुसरीकडे वाजवीत. एडविन स्टार याची रिक-टिक कंपनीसाठी काढलेली सुरुवातीची गाणी, शिकागोत मुद्रित झालेले जॅकी विल्सनचे १९६७ चे 'हायर अँड हायर', यांत त्यांचीच रात्रपाळी ऐकू येते. १९७२ साली कंपनीने आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलविले. वादकांना ही वार्ता दारावर चिकटविलेल्या सूचनेवरून कळली, असे सांगतात. गेटवरची नोटीस वाचणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. हा भाग सांगताना माझा आवाज चढला तर क्षमा असावी.

न गाजण्याचे आणखी एक कारण म्हणजे करार. जे. जे. बार्न्स हा डेट्रॉइटचाच उत्तम गायक. १९६६ साली रिक-टिकसाठी त्याने 'रिअल हमडिंगर' गायले. मोटाऊनने त्या कंपनीचा कारभार विकत घेतला, त्यात बार्न्सचा करारही गेला. आणि त्याच्या नावाची एकही तबकडी मोटाऊनने काढली नाही. माणूस बांधून ठेवायचा आणि काम द्यायचे नाही!

या पडून राहिलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळाले ते समुद्रापलीकडे. इंग्लंडच्या उत्तरेकडचा लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा आणि कोळशाचा मुलूख. मुंबईच्या गिरण्यांत कातकामाची पुष्कळशी यंत्रे आली ती तिथल्याच ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून, म्हणून मला तो मुलूख परका वाटत नाही. तिथल्या कामकरी पोरांना फंक फारसे भावले नाही. त्यांना १९६५-६६ चा द्रुत लयीचा सोलच हवा होता, आणि तोही कोणी न ऐकलेला. लंडनचे एक दुकानदार-लेखक डेव्ह गोडिन यांनी १९७० साली या आवडीला 'नॉर्दर्न सोल' हे नाव दिले. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील क्लब १९७१ मध्ये बंद पडला. १९७३ च्या सप्टेंबरात विगन कॅसिनो हे नाचघर पहाटे दोन ते सकाळी आठ असे जागू लागले. तेथे दारू विकत नसत. आठवडाभर राबलेली मुले लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकून सकाळपर्यंत नाचत. तबकडी जितकी अनोळखी, तितका लावणाऱ्याचा मान मोठा. ग्लोरिया जोन्सचे 'टेन्टेड लव्ह' अमेरिकेत एका तबकडीच्या मागल्या बाजूवर पडून होते. ते इथे घुमले, आणि १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या जोडीने गायलेली त्याची आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

सर्वांत नवलाची कथा फ्रँक विल्सनची. १९६५ साली त्याने मोटाऊनसाठी 'डू आय लव्ह यू' गायले. गायक व्हायचे की निर्माता, हा प्रश्न आला. त्याने निर्मात्याचे काम पत्करले आणि नमुन्याच्या प्रती नष्ट झाल्या. जेमतेम एकदोन उरल्या. त्यांतली एक विगनला वाजली, पण कोणाची ते प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून नाव झाकून 'एडी फॉस्टर' असे खोटे नाव सांगत. २००९ मध्ये तिच्या एका प्रतीला पंचवीस हजार पौंडांवर किंमत आली. ती रक्कम संग्राहकाला मिळाली. गाणाऱ्याचा तीत वाटा नाही. हौशी मंडळींचे मला प्रेम आहे, पण हे नाव झाकणे मला मानवत नाही. शिवाय चोरून छापलेल्या तबकड्याही खूप विकल्या गेल्या, त्यांतून कलावंताला छदामही पोचला नाही. उलट बाजूही सांगतो: बार्न्सला गाण्यासाठी इंग्लंडात बोलावणी आली, आणि एडविन स्टार तर तिथलाच होऊन राहिला.

तर त्या तरुणासाठी, तो आला असेल तर: बार्न्सचे 'रिअल हमडिंगर', डोबी ग्रेचे 'आउट ऑन द फ्लोअर', ग्लोरिया जोन्स, फ्रँक विल्सन. आणि मोटाऊनची गाजलेली गाणीही घे; मात्र एकदा गायकाकडे कान न देता खालचा बास ऐक. तो जेमर्सन. १९८३ साली तो वारला.