टक्कल, पौरुष आणि कायद्याची यादी

अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात नितत्नी या वनस्पतीकडे केस वाढवण्याची प्रार्थना आहे. आयुर्वेदाने केसगळतीला ‘खालित्य’ म्हटले. खंत इतकी जुनी! कारण मात्र १९४२ साली उमगू लागले. वयात येण्यापूर्वीच वृषणे गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, असे अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवले. म्हणजे ज्या टकलामुळे तरुणाला आपले पौरुष उणावल्यासारखे वाटते, ते पौरुषाच्या संप्रेरकाशिवाय पडतच नाही; आनुवंशिकता त्याला साथ देते.

या न्यूनगंडावर बाजार पोसला जातो. भारताच्या औषध नियमांतील ‘अनुसूची जे’मध्ये म्हणूनच कर्करोगाच्या पंक्तीला टक्कलही बसले आहे, ते बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. त्याने काहींचे केस पुन्हा उगवतात, पण वापर थांबवल्यावर काही महिन्यांत ते गळून जातात.